मुखपृष्ठावरच्या हरकती आणि सूचना

हरकतीचा अर्ज कसा लिहायचा हे वसईच्या माणसाला शिकवावं लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची प्रारूप प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाली. २०१६ ते २०३६ अशा वीस वर्षांचा तो आराखडा होता. पुढचे काही महिने वसईच्या पश्चिम पट्ट्यात गावोगावी एकच विषय होता: हरित पट्ट्याचं काय होणार, आणि हरकत कधीपर्यंत द्यायची. या एका तालुक्यातून हजारो हरकती गेल्या. लोकांना ही सवय जुनी आहे. १९९० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाकडे इथल्या नियोजनाची सूत्रं आली तेव्हापासूनची. हरित वसई संरक्षण समिती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो ही विरोध करणाऱ्यांची नावं त्याच काळात महाराष्ट्रभर पोचली. पुढे जुलै २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची यावरून पुन्हा अर्ज, मोर्चे, सुनावण्या झाल्या.

या सगळ्यामागे एक कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. प्रादेशिक योजनेचा मसुदा लोकांसमोर ठेवायचा, हरकती आणि सूचनांसाठी किमान चार महिने द्यायचे, समितीने त्यांचा विचार करायचा आणि मगच योजना शासनाकडे मंजुरीला पाठवायची, असं हा कायदा सांगतो. यात किती पळवाटा निघतात हे वसईकरांइतकं कुणाला माहीत असणार? मसुदा मराठीत द्या, ही मागणी २०१६ मध्येही करावी लागली होती. तरीही एवढं खरं की विचारलं पाहिजे हे कायद्याने मान्य केलेलं आहे.

सॉफ्टवेअरच्या दुनियेत असा कायदा नाही. एखाद्या खासगी कंपनीला तिची वेबसाइट बदलायची असेल तर ती एका रात्रीत बदलते. सकाळी उठून बघावं तर बटणं जागेवर नसतात. आपण चडफडतो आणि नव्या जागा पाठ करतो. मात्र सॉफ्टवेअरमध्ये एक मोठा मुलूख असा आहे की तिथे हे चालत नाही. विकिपीडिया, डेबियन, लिबरऑफिस, ड्रुपल ही त्या मुलखातली काही नावं. यांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प म्हणतात. ते हजारो लोकांनी, बहुतेकांनी विनामोबदला, उभे केलेले आहेत. त्यांची वेबसाइट बदलायची म्हटलं की हरकतींचा पाऊस पडतो. त्या पावसाचं करायचं काय, हा या प्रकरणाचा विषय.

अशा प्रकल्पाची वेबसाइट ही जाहिरातीची पाटी नसते. तिथे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं बटण असतं, ते कसं वापरावं याची माहिती असते, सापडलेल्या चुकांची नोंदवही असते, भाषांतर करणाऱ्यांची बैठक असते, देणगीची पेटी असते आणि नव्याने आलेल्यासाठी ओळखीचं एक पानही असतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला यातलं फक्त बटण हवं असतं. दहा वर्षं रोज येणाऱ्याला बटणाशी देणंघेणं नसतं. त्याला नोंदवही हवी, आणि ती कुठे आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. एकाच मुखपृष्ठावर या दोघांची सोय करायची असते. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. रंग आणि अक्षरांचा आकार नंतर येतात.

ड्रुपलची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. वेबसाइट बनवायला मदत करणारं हे सॉफ्टवेअर बेल्जियमच्या ड्रिस बाउटार्ट या विद्यार्थ्याने जानेवारी २००१ मध्ये मोकळं केलं. भारतातही त्यावर काम करणारे बरेच आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांचं आशियाई संमेलन पवईच्या आयआयटीत भरलं होतं. २००८ पर्यंत ड्रुपल जगभर पसरलं होतं, पण त्याची स्वतःची वेबसाइट नव्या माणसाला पळवून लावणारी होती. लोकांना सुंदर वेबसाइट बनवून देणाऱ्यांचं स्वतःचं घर विस्कटलेलं! मग मार्क बोल्टन यांच्या ब्रिटिश स्टुडिओकडे नव्या रचनेचं काम दिलं गेलं. वापरणाऱ्यांचा अभ्यास करण्याची बाजू लीसा रायकल्ट यांच्याकडे होती.

त्यांनी एक धाडस केलं. साधारणपणे डिझाइनर महिनोन् महिने दार बंद करून काम करतो आणि शेवटी तयार चित्र पडद्यावर दाखवतो. या दोघांनी अर्धंकच्चं काम पहिल्यापासून उघड्यावर मांडलं. नमुना तयार करायचा, सगळ्यांसमोर ठेवायचा, शिव्याशाप आणि सूचना दोन्ही ऐकायच्या, दुरुस्त करायचा, पुन्हा ठेवायचा. ड्रुपल वापरणारे लोक स्वतः वेबसाइट बनवणारे. म्हणजे प्रत्येक जण परीक्षक. तरी त्यांनी ते निभावलं.

त्यात एक साधी पद्धत वापरली गेली. ती कुठल्याही ग्रामपंचायतीच्या किंवा पतपेढीच्या वेबसाइटलाही लागू पडते, म्हणून सविस्तर सांगतो. वेबसाइटवरच्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी करायची: ‘डाउनलोड’, ‘चूक कळवा’, ‘नवीन आहात?’, ‘भाषांतर’, ‘देणगी’, ‘आमच्याविषयी’, अशा तीसचाळीस. त्या टेबलावर पसरायच्या. समोरच्याला म्हणायचं, तुला ज्या एकत्र वाटतात त्यांचे गठ्ठे कर आणि प्रत्येक गठ्ठ्याला तुझ्या शब्दांत नाव दे. मग आपण गप्प बसायचं. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग. माणूस ‘भाषांतर’ची चिठ्ठी हातात घेतो, ‘मदत’च्या गठ्ठ्यावर ठेवतो, पुन्हा उचलतो, इकडेतिकडे बघतो आणि बाजूला एकटीच ठेवून देतो. ती बाजूला पडलेली चिठ्ठी शंभर अभिप्रायांपेक्षा जास्त सांगते. कारण ‘मदत’ म्हणजे प्रकल्पाने मला केलेली मदत, की मी प्रकल्पाला केलेली, हे त्याला कळत नसतं. रचनाकाराच्या डोक्यात हा घोळ कधी आलेलाही नसतो. असे पंधरावीस जणांचे गठ्ठे जुळवून पाहिले की वेबसाइटवरचे विभाग आपोआप ठरत जातात.

ड्रुपलचा आराखडा २००८ मध्येच आकाराला आला. नवी वेबसाइट लोकांसमोर यायला मात्र ऑक्टोबर २०१० उजाडलं. मतं द्यायला हजार हात पुढे आले होते. वीट रचायला त्यातले थोडेच उरले. बहुतेक काम स्वयंसेवकांनी सवडीने करायचं होतं, आणि सवड ही काय चीज आहे हे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळात विसर्जनानंतरची आवराआवर केलेल्यांना माहीत असतं. लोकांना विचारण्याचा खर्च धरताना फक्त विचारण्याचे दिवस धरून चालत नाही. विचारल्यावर जी अपेक्षा तयार होते, ती पुरी करायलाही माणसं लागतात.

आता हरकतींकडे. वेबसाइट बदलणाऱ्याने ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं मोकळं विचारलं की उत्तरं येतात ती अशी: निळा फार गडद आहे, पूर्वीचा लोगो बरा होता, अक्षरं मोठी वाटतात, अक्षरं बारीक वाटतात. नोंदवहीची नवी रचना कशी आहे यावर कुणीच बोलत नाही. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये याची मस्त खिल्ली उडवली आहे. त्याच्या कल्पनेतली एक समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टीतलं बहुतेकांना काही कळत नाही. मग कारकुनांच्या सायकली ठेवायची साडेतीनशे पौंडांची शेड चर्चेला येते. छताला पत्रा कसला घालायचा, यावर पाऊण तास जातो. शेड सगळ्यांना कळते ना! ऑक्टोबर १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग कॅम्प या डॅनिश प्रोग्रॅमरने आपल्या सहकाऱ्यांना याच शेडची आठवण करून दिली. तेव्हापासून सॉफ्टवेअरवाले अशा वादाला ‘शेडचा रंग’ म्हणूनच ओळखतात. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की लोकांना विचारूच नये, त्यांना काही कळत नाही. हा निष्कर्ष आळशी आहे. चूक प्रश्नात असते. ‘कसं वाटतं?’ या प्रश्नाला रंगाचंच उत्तर येणार. ‘तुम्ही इथे काय करायला आला होता? झालं का? कुठे अडलं?’ असं विचारलं की तोच माणूस नेमकं बोलतो. वसईतल्या चांगल्या हरकतींमध्ये ‘योजना आवडली नाही’ असं लिहिलेलं नसतं. त्यांत सर्व्हे नंबर असतो, नकाशातली जागा असते, नाला कुठून वाहतो ते असतं आणि मग मागणी असते.

विचारण्याची वेळही तेवढीच महत्त्वाची. विकिपीडियाच्या इतिहासात याचं एक कडू उदाहरण आहे. २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने छायाचित्रं मोठी करून दाखवणारी एक नवी सोय आणली. चित्रावर टिचकी मारली की काळ्या पार्श्वभूमीवर ते पडदाभर उघडायचं. वाचकाला छान, पण चित्र कुणी काढलं, कुठल्या परवान्याखाली दिलं, ही माहिती मागे ढकलली गेली, असा संपादकांचा आक्षेप होता. जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी मत नोंदवून ही सोय आपल्याकडे आपोआप चालू नको असं ठरवलं आणि तिथल्या एका प्रबंधकाने ती बंद करणारा कोड एका पानात टाकला. फाउंडेशनने १० ऑगस्ट २०१४ रोजी ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचं नवं कुलूप तयार करून त्या पानाला लावलं. आता त्या पानात संपादकांनी निवडलेल्या प्रबंधकांनाही बदल करता येईना, फक्त फाउंडेशनच्या कर्मचाऱ्यांना येई. त्यावर जो गदारोळ उठला तो चित्रांपुरता राहिला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबून ज्ञानकोश लिहिला, त्यांच्याच घराला बाहेरून कुलूप घातल्याची ती भावना होती. शेकडो संपादकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ते कुलूप काढून टाकण्यात आलं. सोय वाईट नव्हती, आज ती कुणाला खुपतही नाही. पण निर्णय आधी आणि सूचना नंतर, हा क्रम लोक विसरत नाहीत.

फाउंडेशनही तो विसरलं नाही असं पुढच्या वेळी दिसलं. विकिपीडियाचं संगणकावरचं रूप २०१० पासून फारसं बदललेलं नव्हतं. ते बदलायचं ठरलं तेव्हा इंग्रजीला बऱ्याच उशिरा हात घातला गेला. २०२० पासून फ्रेंच, हिब्रू, फारसी, बास्क अशा काही भाषांच्या विकिपीडियांवर एकेक बदल करून बघितला गेला. शोधाची पेटी हलवली, ती मोजली. डावीकडची यादी मिटवता येईल अशी केली, ती मोजली. वर चिकटून राहणारी पट्टी आणली, तीही मोजली. फाउंडेशनने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार नव्या रचनेत शोध घेण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी वाढलं आणि पान वरखाली सरकवण्याचं १५ टक्क्यांनी घटलं. १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियानेही हे रूप घेतलं.

मग सगळं गोड झालं का? नाही. बदलाआधी इंग्रजी संपादकांत जी मतमोजणी झाली तीत बाजूने आणि विरोधात जवळजवळ सारखीच माणसं होती. बदलानंतर जुनं रूप परत आणा असा प्रस्ताव आला तेव्हा तर परत आणा म्हणणारेच जास्त निघाले. मुख्य तक्रार एकच: मजकुराची ओळ आखूड केली आहे आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा वाया चालली आहे. लांबच लांब ओळीच्या शेवटी पोचल्यावर डोळ्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, हे वाचनाच्या अभ्यासकांचं म्हणणं रचनाकारांनी पाळलं होतं. वर्तमानपत्राचे रकाने अरुंद असतात ते काही उगाच नाही. पण संपादकाचं काम फक्त वाचण्याचं नसतं. त्याला तक्ते, संदर्भ, दोन आवृत्त्यांमधला फरक असं सगळं शेजारीशेजारी बघायचं असतं. शेवटी ओळ रुंद करायचं एक बटण दिलं गेलं. आणि ज्याला जुनंच रूप हवं त्याला खात्यात शिरून ते निवडायची मुभा होतीच.

इथे माझं मत स्पष्ट आहे: मोजणी आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मिळूनही निर्णय पुरा होत नाही. पान कमी सरकवलं गेलं याचा अर्थ वाचकाला हवं ते लवकर सापडलं असा घेता येतो. कंटाळून तो निघून गेला असाही घेता येतो. हे पटायला संध्याकाळी चर्चगेटला जायला नको, सकाळी नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं तरी पुरे. तिथून कितीतरी माणसं चर्चगेटकडे जायच्या ऐवजी विरारच्या दिशेची गाडी पकडतात. नुसती डोकी मोजणारा लिहील की नालासोपाऱ्याच्या एवढ्या लोकांना सकाळी आठ वाजता विरारला काम असतं. त्यांना विरारला काहीही काम नसतं. तीच गाडी परत फिरते तेव्हा बसायला जागा मिळावी एवढ्यासाठी ती उलटी जातात. वेबसाइटच्या आकड्यांतही असे उलटे जाणारे प्रवासी भरपूर असतात. ‘मदत’च्या पानावर गर्दी वाढली म्हणून खूश होणाऱ्या चमूला बऱ्याचदा कळत नाही की लोक तिथे मुखपृष्ठावर वाट चुकल्यामुळे आलेत.

विकिपीडियाच्या या बदलात मराठी वाचकाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट होती, आणि तिच्यावर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. पूर्वी इंग्रजी लेख उघडला की डाव्या बाजूला भाषांची उभी यादी दिसायची आणि खाली सरकत गेलं की त्यात ‘मराठी’ हा शब्द डोळ्याला लागायचा. कितीतरी जणांना या विषयावर मराठीतही काही आहे हे त्या यादीमुळेच कळायचं. नव्या रूपात ती यादी वर उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणात गेली. बटण दाबलं तर ती सुटसुटीत आहे, शोधताही येते. पण मुळात मराठी असेल अशी ज्याला कल्पनाच नाही तो ते बटण दाबेल कशाला? १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे आणि आजही अनेकांना तो इंग्रजीतून वाट चुकल्यासारखा सापडतो. अशा ज्ञानकोशासाठी हा बारीकसा जागाबदल मोठा आहे. ही हरकत नोंदवणार कोण? जो वाचक वाटेतच हरवला, तो तर नक्कीच नाही.

म्हणून जे लिहीत नाहीत त्यांच्याकडे जावं लागतं. वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख २२ हजार माणसं होती. यातले किती जण एखाद्या वेबसाइटबद्दल लेखी अभिप्राय देतील? ऑनलाइन अर्ज म्हटला की आपल्याकडे बरेच जण स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथे काउंटरमागचा मुलगा सगळ्यांचे अर्ज भरतो. त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहून बघावं. तो पानावरची चित्रं आणि घोषणा वाचतच नाही. कंट्रोल आणि एफ दाबून हवा तो शब्द शोधतो. नाव मराठीत लिहायचं असेल तर दुसऱ्या खिडकीत टाइप करून इथे आणून चिकटवतो, कारण रकान्यात थेट टाइप केलं की मात्रा उड्या मारतात. मोबाइलवर आलेला ओटीपी ग्राहक मोठ्याने वाचून दाखवतो. तेवढ्यात वेळ संपते आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ग्राहक अपराधी चेहऱ्याने म्हणतो, “माझाच फोन जुना आहे.” या माणसाकडून हरकत कधीच येणार नाही, कारण दोष आपलाच आहे अशी त्याची खात्री झालेली असते.

अशा माणसांचं म्हणणं मिळवायला मोठा खर्च लागत नाही. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००० मध्ये मांडलेला हिशोब प्रसिद्ध आहे. पाच माणसांना समोर बसवून एकेक काम करायला सांगा, त्यांच्याकडे बघा, आणि वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी तिथेच सापडतात. पुढे माणसं वाढवली तरी तेच तेच दिसत राहतं. या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. माणसं एकाच प्रकारची असतील तर तो लागू पडतो, नाहीतर नाही. आपल्या संदर्भात मी पाचांची निवड अशी करीन: काउंटरमागचा मुलगा, बारावीतली एखादी मुलगी, साठी ओलांडलेला निवृत्त माणूस, स्वस्त फोनवर फक्त मराठीत वाचणारी गृहिणी, आणि पाचवा असा कुणी जो पडदा बघतच नाही.

पाचवा कोण, हे सांगायला हवं. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने. त्यातलं एनव्हीडीए हे मुक्त सॉफ्टवेअर २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहायला घेतलं. तो स्वतः दृष्टिहीन आहे. ते मराठीही वाचतं. या वापरकर्त्याच्या दृष्टीने वेबसाइट म्हणजे ऐकू येणाऱ्या ओळींची एक रांग असते. नव्या रचनेत बटणाच्या जागी नुसतं चित्र आलं आणि त्यामागे शब्द लिहायचा राहिला, तर त्याला फक्त “बटण” एवढंच ऐकू येतं. कसलं बटण? कोण सांगणार! अशी एकच हरकत आली आणि समोर नवी रचना आवडल्याच्या दोनशे पावत्या असल्या, तरी त्या एका हरकतीसाठी काम थांबवलं पाहिजे. इथे मतमोजणी लावणं चुकीचं आहे. फिकट राखाडी अक्षरांचंही तेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं गुणोत्तर किमान ४.५ असावं असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तो पाळायचा की नाही हे मत मागवून ठरवायचं नसतं.

देवनागरीचीही अशीच एक गोष्ट आहे. वेबसाइटचा नवा आराखडा बहुधा रोमन अक्षरं टाकून तयार होतो. रोमन अक्षराला वरखाली फार जागा लागत नाही. आपल्या लिपीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘स्फूर्ती’ हा शब्द मोठ्या अक्षरांत मथळ्यात टाकून बघा. ओळीची उंची रोमनच्या मापाने ठेवली तर वरचा रफार कापला जातो किंवा खालचा ऊकार पुढच्या ओळीवर चढतो. बटणावर इंग्रजीत ‘सेव्ह’ची चार अक्षरं मावतात, तिथे ‘जतन करा’ आलं की शब्द दुमडतो. भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांना हे सर्वांत आधी दिसतं, पण त्यांना बोलावतात सर्वांत शेवटी, मुखपृष्ठ पक्कं झाल्यावर. मग ते बटणाच्या मापाचा शब्द शोधत बसतात आणि मराठी अवघड आहे असा बोभाटा होतो. माझं म्हणणं, कुठल्याही प्रकल्पाने नव्या रचनेचा पहिलाच नमुना एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत भरून पाहावा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी वरखाली पसरते. या दोघींत जो आराखडा टिकला तो बहुतेक ठिकाणी टिकेल.

राहता राहिला हरकत देणाऱ्याला उत्तर देण्याचा प्रश्न. सरकारी सुनावणीत आणि सॉफ्टवेअर प्रकल्पात हा एकाच जागी कुजतो. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ हे वाक्य ज्याने वाचलं त्याला पुढच्या वेळी लिहावंसं वाटत नाही. चांगल्या प्रकल्पात प्रत्येक हरकतीला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली सगळं उघड दिसतं: कुणी लिहिलं, कुणी तपासलं, मान्य केलं की नाकारलं, नाकारलं तर का. विकिपीडियाचं असं एक रजिस्टर आहे, फॅब्रिकेटर नावाचं. कुणीही ते उघडून वाचू शकतो. ‘नाही’ हे उत्तर माणूस पचवू शकतो. ‘ओळ रुंद ठेवली तर तक्ते नीट दिसतात हे खरं, पण बहुसंख्य वाचकांना लेख वाचायला त्रास होतो, म्हणून रुंदीचं बटण वेगळं देत आहोत’ असं कारणासकट आलेलं ‘नाही’ तर अर्धं पटतंसुद्धा. कारण न सांगता आलेल्या ‘नाही’मधूनच पुढचा मोर्चा निघतो, हे वसईने अनेकदा दाखवलं आहे.

एक शेवटचा मुद्दा कमी लोकांना आवडेल. विचारणं म्हणजे निर्णय लोकांवर सोडून देणं नव्हे. ड्रुपलच्या रचनाकारांनी हजार मतं ऐकली, पण पान कसं दिसणार हे त्यांनीच ठरवलं. सगळ्यांच्या सगळ्या सूचना घेतल्या असत्या तर मुखपृष्ठावर चाळीस दुवे आणि सहा रंग झाले असते. जुन्या वापरकर्त्यांचा आवाज नेहमी मोठा असतो, कारण ते जमलेले असतात. नवा माणूस अजून यायचा असतो, त्यामुळे त्याच्या वतीने बोलणारा कुणीतरी खोलीत असावा लागतो. ते काम रचनाकाराचं आहे. ते करताना त्याला आपल्याच माणसांचा राग ओढवून घ्यावा लागला तर त्याने तो घ्यावा.

वाचकहो, आता तुमच्या बाजूने. कुठल्याही वेबसाइटबद्दल लिहायची वेळ आली तर आवडलं-नावडलं बाजूला ठेवा आणि चार गोष्टी लिहा: काय करायला गेला होता, कुठे अडलात, फोन कुठला होता, आणि पडद्याचा फोटो. मराठी विकिपीडियावर काही अडलं, अक्षर तुटलं, बटणावरचा शब्द खटकला, तर तिथे ‘चावडी’ नावाचं पान त्यासाठीच आहे. मराठीत लिहिलेलं चालतं, खातं नसलं तरी चालतं.